वाट पाहण्याचे भाडे

वाऱ्याचा वेग २५ नॉटच्या वर गेला, म्हणजे ताशी साधारण ४५ किलोमीटर झाला, की फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेस्ट बंदरात एक उलटी हालचाल दिसते. मासेमारीच्या बोटी आत येत असतात, शिडाच्या नौकांना आणखी एकेक दोर पडत असतो, आणि 'आबेय बुर्बाँ' नावाचा ऐंशी मीटर लांबीचा टग मात्र बाहेर निघतो. त्याला कुणी बोलावलेले नसते. एकही जहाज संकटात नसते. वेसां बेटाच्या आडोशाला जाऊन तो नांगर टाकतो आणि वादळ सरेपर्यंत तिथे थांबतो. मग परत येतो. बहुतेक वेळा काहीही न करता. या काहीही न करण्याचे भाडे फ्रान्सचे सरकार वर्षानुवर्षे भरत आले आहे.

अशा टगला 'इमर्जन्सी टोइंग व्हेसल' म्हणतात. बंदरातले लोक नुसते ईटीव्ही म्हणून मोकळे होतात. आपण मुंबईत गेटवेवरून पाहतो ते टग वेगळे. ते मोठ्या जहाजांना ढकलत-ओढत धक्क्याला लावतात. त्यांची ओढ साधारण ५० ते ७० टन असते, बाजू ठेंगण्या असतात, आणि भर समुद्रातल्या वादळात त्यांना स्वतःचाच जीव सांभाळावा लागतो. आबेय बुर्बाँची ओढ २०० टनांची आहे, इंजिनांची ताकद २१ हजार अश्वशक्तीहून जास्त आणि वेग साडेएकोणीस नॉट. २००५ पासून तो ब्रेस्टला आहे. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते : इंजिन किंवा सुकाणू निकामी झालेले जहाज खडकावर जाण्याआधी पकडायचे.

पकडायचे म्हणजे दर वेळी बंदरात ओढून आणायचे, असे नाही. वादळात दोन लाख टनांचे जहाज वाऱ्याच्या विरुद्ध ओढत नेणे कुठल्याच टगला जमत नाही. बंद पडलेले जहाज आपोआप वाऱ्याला आडवे होते आणि एका बाजूला वाहत जाते. त्याचे नाक वाऱ्याच्या दिशेला वळवून धरले, तर वाहण्याचा वेग एकदम कमी होतो. टगने एवढे केले तरी पुष्कळ. तेवढ्या वेळात वारा पडतो, दुसरा टग येतो किंवा इंजिन-रूममधल्या माणसांना बिघाड सापडतो. ईटीव्ही खरे तर वेळ विकत घेत असतो.

हा वेळ किती थोडा असतो, याचा हिशेब साधा आहे. समजा, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर एका जहाजाचे इंजिन बंद पडले आणि ते दोन नॉटने किनाऱ्याकडे वाहू लागले. हातात सहा तास आहेत. टग ६० मैलांवर असेल, तर शांत समुद्रात तो तीन तासांत पोहोचेल. पण शांत समुद्रात त्याला कोण बोलावतो? समोरून लाटा घेत तो १२ नॉटने गेला, तर पाच तास रस्त्यातच जातात. उरलेल्या एका तासात दोर बांधायचा. त्यातच कप्तानाने 'आपणच दुरुस्त करू' म्हणत पहिला तास घालवला असेल, तर हिशेब तिथेच संपतो. म्हणून टगच्या ताकदीइतकीच त्याची उभी राहण्याची जागा महत्त्वाची. वेसांच्या आडोशाला जाऊन थांबण्यामागचे गणित एवढेच आहे.

हे गणित ब्रेस्ट ज्यात येते त्या ब्रिटनी प्रांताच्या लोकांना १९७८ च्या मार्च महिन्यात शिकावे लागले. १६ मार्चच्या सकाळी 'अमोको कादिझ' हा टँकर वेसांच्या उत्तरेकडून चालला होता. लांबी सुमारे ३३० मीटर, पोटात इराणी आखातातून आणलेले जवळजवळ २ लाख २० हजार टन कच्चे तेल, बांधून अवघी चार वर्षे झालेली. झेंडा लायबेरियाचा, मालकी अमेरिकी, कप्तान इटालियन, माल रॉटरडॅमला जायचा. जहाजधंद्यात यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुकाणू फिरवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेतून तेल गळू लागले आणि सुकाणू हाताबाहेर गेले. इंजिन चालू होते, पण इंजिन असून सुकाणू नसलेले जहाज म्हणजे जोर आहे आणि दिशा नाही. दुरुस्तीचे प्रयत्न झाले. टगसाठी हाक गेली ती सव्वाअकराच्या पुढे.

जवळच एका जर्मन कंपनीचा 'पॅसिफिक' नावाचा टग होता. बाराच्या पुढे तो पोहोचला. मग सुरू झाली ती व्यवहाराची बोलणी. समुद्रावरच्या बचावाचा जुना करार आहे, 'लॉइड्स ओपन फॉर्म'. त्याचे तत्त्व असे की जहाज वाचवले तर मोबदला, नाही वाचले तर काही नाही. मोबदल्याचा आकडा नंतर लवाद ठरवणार. वाचवलेल्या जहाजाची आणि मालाची किंमत जितकी जास्त, तितका मोबदला मोठा. टगच्या कप्तानाला हा करार हवा होता. टँकरच्या कप्तानाला साधा ओढण्याचा दर ठरवायचा होता, आणि मोठा करार मान्य करण्यापूर्वी मालकांना विचारणे त्याला भाग वाटत होते. मालकांची कचेरी शिकागोत, आणि शिकागोत तेव्हा पहाट उजाडायची होती. दुपारी चारच्या सुमारास एकदाचा होकार आला.

या घासाघिशीमुळेच जहाज गेले, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते अर्धेच पटते. बोलणी चालू असतानाच पहिला दोर बांधला गेला होता. तो चार वाजून गेल्यावर तुटला. वारा वाढत गेला, अंधार पडला. दुसरा दोर रात्री कसाबसा बांधला गेला, तोवर किनारा अगदी जवळ आला होता. टँकरने नांगर टाकून पाहिला. नांगराचे फाळच मोडले. रात्री नऊच्या सुमारास जहाज पोर्त्साल गावासमोरच्या खडकांवर आदळले. पॅसिफिकची ताकद सुमारे दहा हजार अश्वशक्ती होती. त्याहून मोठा 'सिम्सन' नावाचा टग निघाला होता, पण तो वेळेत पोहोचला नाही. करारावर सकाळीच सही झाली असती, तरी त्या हवेत एकट्या पॅसिफिकला हे ओझे पेलले असते का, याची मला शंकाच आहे. दोष होता तो टगच्या ताकदीचा, त्याच्या अंतराचा, आणि 'आता पैशांचे बोलणे बंद, आधी ओढा' असे हुकमाने सांगणारे कुणी नव्हते याचाही.

खलाशांना हेलिकॉप्टरने वाचवले. जहाज मोडले आणि सगळे तेल समुद्रात गेले. ब्रिटनीचा सुमारे ३२० किलोमीटर किनारा काळा झाला. तिथल्या खाड्यांमध्ये कालवांची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालते, ती बुडाली. समुद्रपक्षी हजारोंनी मेले. त्या किनाऱ्याला हे नवे नव्हते. १९६७ मध्ये इंग्लंडच्या टोकाशी 'टॉरी कॅन्यन' हा टँकर फुटला तेव्हाही त्याचे तेल इथवर आले होते. या वेळी गावांच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन थेट शिकागोच्या न्यायालयात दावा लावला. १९८४ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला आणि भरपाईचा शेवटचा आकडा ठरायला १९९२ साल उजाडले. चौदा वर्षे लहान गावांनी एका तेल कंपनीशी कज्जा चालवला, ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. इथे तिच्यात शिरत नाही.

फ्रान्सने दोन-तीन गोष्टी लगेच केल्या. जहाजांची वाट किनाऱ्यापासून आणखी दूर सरकवली. किनाऱ्यावरून जहाजांवर नजर ठेवणारी केंद्रे उभी केली. नौदलासाठी दोन शक्तिमान टग कायमच्या भाड्याने घेतले, 'आबेय फ्लांद्र' आणि 'आबेय लांगदॉक'. आणि हे टग ज्याच्या हाताखाली ठेवले, त्या सागरी प्रशासकाला खरा अधिकार दिला. तो जहाजाच्या मालकाला बजावू शकतो : अमुक वाजेपर्यंत तुमच्या जहाजाचा धोका दूर करा, नाहीतर आम्ही करू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. माझ्या मते टगपेक्षाही ही शेवटची गोष्ट मोलाची. अधिकाराविना दोनशे टनांची ओढ असलेला टगसुद्धा संकटातल्या जहाजाभोवती घिरट्या घालत बसेल, आणि कप्तान फोनवर मालकाची वाट पाहत राहील.

दोर बांधण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण कागदावर ती एका ओळीची असते आणि समुद्रावर तीच सगळ्यात अवघड. टग बंद जहाजाच्या नाकाजवळ, कधीकधी दहा-वीस मीटर अंतरावर येतो. दोन्ही बोटी वेगवेगळ्या तालात वरखाली होत असतात. टगवरून रॉकेटने किंवा हाताने बारीक दोरी फेकली जाते. ती पकडून ओढली की तिच्यामागून जाड दोर येतो, त्यामागून त्याहून जाड, आणि शेवटी मुख्य वायर. पण जहाजावर वीज नसेल तर विंच चालत नाही. मग ओला, जड दोर पाच-सात माणसांना हातांनी वर ओढावा लागतो, निसरड्या डेकवर, अंगावर लाटा घेत. दोर जहाजाच्या कडेवर जिथे घासतो तिथे तो काही तासांत झिजून तुटतो, म्हणून तेवढ्या भागात साखळी घालतात.

वायर बांधली की लांब सोडतात, एक किलोमीटर किंवा त्याहून जास्तही. नवख्याला वाटते, जवळून ओढले तर जोर जास्त मिळेल. उलटे आहे. लांब वायर स्वतःच्या वजनाने पाण्यात खोल झोल घेते. लाटेने टग पुढे फेकला गेला आणि जहाज मागे राहिले, की आधी तो झोल सरळ होतो आणि हिसका त्यातच जिरतो. वायर ताठ असेल तर तोच हिसका तिच्यावर एका क्षणात पडतो आणि ती तुटते. तुटलेली वायर डेकवर परत झेपावते तेव्हा वाटेतला माणूस जगत नाही. दुसरा धोका टगलाच असतो : जहाजाने त्याला आडवे ओढले तर तो उलटू शकतो. टगवर अनुभवी माणसे लागतात ती यासाठी. २०० टनांची ओढ हा आकडासुद्धा शांत पाण्यात मोजलेला असतो. टग किनाऱ्यावरच्या खुंट्याला बांधून पूर्ण जोर लावायचा आणि मधल्या यंत्रावर ताण वाचायचा. वादळात पंखे पाण्याबाहेर येतात आणि तो आकडा बराच खाली उतरतो.

दोर घ्यायला जहाजावर माणूस नसेल तर काय होते, हे ५ जानेवारी १९९३ ला स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर दिसले. 'ब्रेअर' टँकरच्या डेकवर ठेवलेले पाइप वादळात सुटले, हवा जाण्याच्या नळ्या त्यांनी तोडल्या, समुद्राचे पाणी इंधनात मिसळले आणि इंजिन बंद पडले. जहाज फुटणार या भीतीने सगळ्यांना हेलिकॉप्टरने उतरवले गेले. मग टग आला, आणि दोर पकडायला कुणीच नव्हते. काही जणांना हेलिकॉप्टरने पुन्हा डेकवर उतरवून पाहिले. जमले नाही. टँकर खडकावर गेला आणि त्यातले सुमारे ८५ हजार टन तेल समुद्रात गेले. वादळ इतके प्रचंड होते की त्यानेच बरेच तेल घुसळून विखुरले. निसर्गाची अशी मदत दर वेळी मिळत नाही.

या अपघाताची चौकशी लॉर्ड डोनाल्डसन यांनी केली. १९९४ च्या त्यांच्या अहवालातून ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने ईटीव्ही ठेवण्याची पद्धत सुरू झाली, आणि काही वर्षांत चार टग वर्षभर किनाऱ्यावर उभे राहू लागले. इथे एक प्रश्न साहजिक आहे : सरकारने का? हे काम तर खासगी कंपन्या शंभर वर्षे करत होत्या. डच, जर्मन, ब्रिटिश टग वादळी मोसमात मोक्याच्या जागी जाऊन शिकारीसारखे दबा धरून बसत, आणि एक मोठे जहाज वाचवले की वर्षाचा खर्च निघे. पण जहाजे सुधारली, अपघात कमी झाले. दुसरीकडे समुद्रातल्या तेलविहिरींना टग हवे होते आणि त्या रोजचे भाडे रोख देत होत्या. नुसते वाट पाहत बसणे कुणालाच परवडेना. शिवाय 'वाचवले तर मोबदला' या जुन्या कराराला तेलाची गळती दिसतच नसे. टँकर बुडालाच, पण टगच्या माणसांनी दिवसरात्र खपून गळती निम्म्यावर आणली, तर त्यांच्या हाती काय? १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बचाव करारात प्रदूषण रोखण्याच्या प्रयत्नांचा खर्च देण्याची तरतूद आली, तेव्हा कुठे ही विसंगती थोडी सुधारली. तरीही रिकामे बसण्याचे पैसे बाजार देत नाही. अग्निशमन दलाच्या बंबालाही तो देत नाही. ते नगरपालिकेनेच द्यायचे असतात.

आणि नगरपालिका असो की साम्राज्य गमावलेले सरकार, असा खर्च त्यांच्या डोळ्यांत खुपतोच. २० ऑक्टोबर २०१० रोजी ब्रिटिश सरकारने मोठ्या खर्चकपातीची घोषणा केली. त्यात ईटीव्हींचा करार बंद करण्याचे ठरले होते. वाचणार होते सुमारे सव्वातीन कोटी पौंड. दोनच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, ब्रिटिश नौदलाची नवीकोरी अणुपाणबुडी 'अ‍ॅस्ट्यूट' स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ उथळ पाण्यात रुतली. तिला सोडवायला आला तो 'अँग्लियन प्रिन्स', म्हणजे ज्या टगांची गरज उरली नाही असे दोन दिवसांपूर्वी ठरले होते त्यांच्यापैकीच एक. त्या गडबडीत त्याची आणि पाणबुडीची टक्करही झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही २०११ मध्ये करार संपू दिला गेला. पुढे स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यापुरती ही सोय पुन्हा करावी लागली. दक्षिणेला खासगी टगांवर आणि शेजारच्या फ्रेंचांवर भिस्त राहिली.

ती भिस्त आधीही होतीच. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली' या कंटेनर जहाजाला वादळात तडे गेले, २६ जणांना ब्रिटिश हेलिकॉप्टरांनी उचलले, आणि रिकाम्या जहाजाला आबेय बुर्बाँ आणि आबेय लिबर्ते या दोन फ्रेंच टगांनी ओढून नेले. जहाज तुटण्याच्या बेतात आले तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्याने ते मुद्दामच डेव्हन परगण्यातल्या ब्रँस्कम गावासमोर उथळ पाण्यात टेकवले. हा निर्णय घेणारा अधिकारी ब्रिटनमध्ये एकच असतो आणि मंत्र्यांनी त्याच्या कामात हात घालायचा नाही, असा दंडक आहे. बुडून सगळे तेल सांडण्यापेक्षा ठरवलेल्या जागी टेकवलेले बरे, हा त्याचा हिशेब बरोबर ठरला. बहुतेक तेल काढून घेता आले. किनाऱ्यावर वाहून आलेले कंटेनर लोकांनी फोडले आणि नव्याकोऱ्या बीएमडब्ल्यू मोटारसायकली पळवल्या, त्याला मात्र कुठलाच टग काही करू शकत नाही.

जर्मनीची गोष्ट थोडक्यात. १९९८ मध्ये लाकूड वाहणारे 'पालास' जहाज पेटून आम्रुम बेटाजवळ अडकले. तेल तुलनेने थोडेच सांडले, पण ते पक्ष्यांनी भरलेल्या उथळ समुद्रात, आणि हजारो पक्षी मेले. त्यानंतर कुक्सहाफेन इथे समुद्रावरच्या सर्व आपत्तींसाठी एकच हुकूमकेंद्र झाले, आणि २०११ पासून उत्तर समुद्रात 'नॉर्डिक' हा २०१ टन ओढीचा टग उभा आहे. विषारी किंवा स्फोटक वायू पसरलेल्या हवेतही त्याला काम करता येते, कारण त्याची आतली हवा बाहेरच्यापासून तोडता येते.

२०११ सालचीच आपली गोष्ट मुंबईकरांना आठवत असेल. जूनमध्ये 'एमव्ही विस्डम' हे भंगारात निघालेले जहाज कोलंबोहून अलंगला ओढत नेले जात होते. ऐन पावसाळ्यात टगचा दोर तुटला. माणूस नाही, इंजिन नाही, असे ते धूड वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या दिशेने वाहू लागले. सेतूला ते थोडक्यात चुकले आणि जुहूच्या वाळूत येऊन बसले. मुंबईकर ते पाहायला लोंढ्याने आले, भुट्टेवाल्यांचा धंदा झाला. पुढे जुलै संपता संपता 'एमव्ही पवित' हा छोटा टँकर त्याच भागात येऊन लागला. त्याची कथा आणखी चमत्कारिक. ओमानजवळ त्याच्या खलाशांना ब्रिटिश युद्धनौकेने वाचवले होते, जहाज बुडाले असेच सगळे धरून चालले होते, आणि ते महिनाभर अरबी समुद्र ओलांडत कुणाच्याही नजरेस न पडता थेट जुहूला आले. लगेच ४ ऑगस्टला 'रॅक कॅरियर' हे सुमारे ६० हजार टन कोळसा नेणारे जहाज मुंबईजवळ बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली होती, कंटेनर रायगडच्या किनाऱ्यापर्यंत तरंगत गेले होते आणि तेल खाडीतल्या तिवरांत शिरले होते.

पवितच्या वेळी चर्चा झाली ती सुरक्षेची : तीन पदरी पहारा असताना जहाज आत आले कसे? २६/११ ला तीनही वर्षे झाली नव्हती, त्यामुळे तो प्रश्न रास्तच होता. पण रिकामे जहाज किनाऱ्याकडे येताना दिसले असते, तरी त्याला पावसाळी समुद्रात पकडायला कोण जाणार होते, हा प्रश्न मागे पडला. आपल्याकडे हे काम दोन ठिकाणी वाटले आहे. तेलगळतीचा बंदोबस्त तटरक्षक दलाकडे. त्यासाठी 'समुद्र प्रहरी' सारखी ओढण्याची सोय असलेली प्रदूषण-नियंत्रण जहाजे त्यांच्याकडे आहेत, आणि त्याच जातीच्या 'समुद्र प्रताप'चे जलावतरण २०२४ मध्ये गोवा शिपयार्डात झाले. ईटीव्ही भाड्याने घेण्याची व्यवस्था मात्र मुंबईत मुख्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाची. आपला पश्चिम किनारा पावसाळ्यात सरळसरळ वाऱ्याच्या तोंडावर असतो. बंद पडलेले जहाज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने कुठे जाईल हे सांगायला संगणक लागत नाही. ते कोकणात, मलबारात किंवा गुजरातेत येणार.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात पालघरजवळ किनाऱ्याला लागलेल्या 'गाल कन्स्ट्रक्टर' तराफ्याच्या मदतीला असाच एक ईटीव्ही पाठवला गेला होता, 'वॉटर लिली'. त्या तराफ्यावरची माणसे वाचली. पण त्याच वादळात 'पी-३०५' तराफ्याचे नांगर सुटले, तो बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. 'वरप्रदा' नावाचा टगही बुडाला. त्यावरच्या तेरा जणांपैकी दोघेच वाचले. टग म्हणजे जादूची कांडी नव्हे. चक्रीवादळाच्या पोटात कुणालाच दोर टाकता येत नाही. तिथे जहाजे आणि तराफे आधीच सुरक्षित जागी हलवणे हाच उपाय, आणि तो ईटीव्हीच्या नव्हे, कचेरीत बसून इशारे वाचणाऱ्यांच्या हातात असतो.

वॉटर लिलीचे नाव पुन्हा आले ते जून २०२५ मध्ये. कोलंबोहून न्हावा-शेव्याला येणारे 'वान हाय ५०३' हे कंटेनर जहाज ९ जूनला केरळच्या कण्णूर किनाऱ्यासमोर पेटले. २२ पैकी १८ जणांना वाचवून 'आयएनएस सुरत'वर घेतले गेले; चौघे सापडले नाहीत. जहाजावर धोकादायक मालाचे शंभराहून अधिक कंटेनर होते आणि पोटात सुमारे दोन हजार टन इंधन. पंधराच दिवसांपूर्वी, २५ मेला, 'एमएससी एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनरांसह कोचीसमोर बुडाले होते, त्यामुळे केरळचे मच्छीमार आधीच धास्तावले होते. जळत्या जहाजावर कुणी नव्हते. म्हणजे ब्रेअरचाच पेच, वर आग. तटरक्षक दल आणि बचाव कंपनीची माणसे हेलिकॉप्टरने डेकवर उतरली आणि त्यांनी वॉटर लिलीचा दोर बांधला. पण पश्चिमेचा वारा वाढला आणि जहाज किनाऱ्याकडे ढकलले जाऊ लागले. १३ जूनला कोचीहून निघालेल्या नौदलाच्या सी-किंग हेलिकॉप्टरने पुन्हा माणसे उतरवली, आणि 'ऑफशोअर वॉरियर' या जास्त ताकदीच्या टगला सहाशे मीटर लांबीचा दोर जोडला गेला. त्या दिवशी जहाज किनाऱ्यापासून सुमारे ३५ सागरी मैलांपर्यंत बाहेर नेले, वेग दोन नॉटहूनही कमी. माणूस आरामात चालतो त्याहून हळू. किनारा वाचला तो या चालीने.

हे जहाज टँकर असते तर दोर बांधणे थोडे सोपे गेले असते. वीस हजार टनांवरच्या टँकरांवर पुढे आणि मागे आपत्कालीन टोइंगची तयार जोडणी ठेवणे १९९० च्या दशकातच सक्तीचे झाले. मागच्या बाजूची जोडणी तर एका माणसाला पंधरा मिनिटांत, जहाजावर वीज नसतानाही, पाण्यात सोडता आली पाहिजे, असा दंडक आहे. कंटेनर जहाजांना हा नियम नव्हता. वास्तविक वारा सर्वांत जास्त धरतात ती तीच. डेकवर दहा-दहा थर रचलेले कंटेनर म्हणजे पोलादी शीडच. टँकरपेक्षा ती वेगाने वाहतात, आणि आजची चारशे मीटर लांबीची जहाजे धरायला एक ईटीव्ही पुरत नाही, दोन लागतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये हा नियम वीस हजार ग्रॉस टनेजवरच्या इतर जहाजांनाही लावला. पण तो १ जानेवारी २०२८ पासून बांधायला घेतल्या जाणाऱ्या नव्या जहाजांपुरता आहे. व्यापारी जहाज वीस-पंचवीस वर्षे सहज चालते. म्हणजे २०२७ मध्ये बांधायला घेतलेले कंटेनर जहाज २०५० च्या पावसाळ्यातही न्हावा-शेव्याला येत असेल, आणि ते बंद पडले तर दोर बांधायला हेलिकॉप्टरमधून माणसेच उतरवावी लागतील.